मोठबाबांचा माइक आणि बुडालेल्या गावांची हजेरी

परवा पवनीच्या बसस्थानकासमोर फ्लेक्स पाहिला. भव्य इनामी शंकरपट. वर पाच नेत्यांचे फोटो, खाली दहा-बारा कार्यकर्त्यांचे, आणि उरलेल्या कोपऱ्यात एक बैलजोडी. ती पण नेटवरून उचललेली. शिंगं पाहूनच समजत होतं की हे खिल्लार बैल आहेत, पश्चिम महाराष्ट्रातले. आपल्या धानाच्या बांधीत त्यांनी कधी पाय टाकला नसेल.

पूर्ण फ्लेक्स वाचला. सवय आहे. पहिलं बक्षीस कोणाकडून, दुसरं कोणाकडून, उद्घाटक कोण, सहउद्घाटक कोण, दीपप्रज्वलन कोण करणार. निवेदकाचं नाव मात्र कुठंच नव्हतं. कधीच नसतं. माइकवर तीन दिवस जो घसा फोडतो त्याचं नाव पत्रिकेत छापायची पद्धत आपल्याकडे नाही. म्हणून आज लिहितो. पोस्ट मोठी आहे, ज्यांना वेळ नसेल त्यांनी रात्री वाचावी.

माझे मोठबाबा, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, शंकरपटावर माइक धरायचे. जवळजवळ तीस वर्षं. त्यांचं नाव इथं टाकत नाही, कारण पटावर त्यांना नावानं कोणी ओळखतच नव्हतं. सगळे 'माइकवाले भाऊ' म्हणायचे. आमच्या गावाचं नावही टाकत नाही. टाकलं की खाली पुनर्वसनाचं भांडण सुरू होतं, आणि ती वेगळी पोस्ट आहे. एवढं सांगतो की गाव वैनगंगेच्या काठावरचं होतं आणि आता गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात आहे.

नवीन पोरांसाठी थोडं सांगतो, कारण इन्स्टावर रील पाहून पट समजत नाही. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या पूर्वेकडच्या भागात, धान कापून झालं, पुंजणे रचले, मळणी आटोपली की बैल मोकळे होतात आणि माणसंही. दिवाळीनंतर मंडया लागतात. मग संक्रांतीच्या आगेमागे पट सुरू होतात ते महाशिवरात्रीपर्यंत चालतात. शंकराचं नाव आणि बैल म्हणजे त्याचं वाहन, म्हणून शंकरपट, असं म्हातारे सांगत. गावाबाहेरच्या रिकाम्या बांध्या सारख्या करून लांब सरळ वाट तयार करायची, आणि हलक्या दोन चाकी छकड्याला जोडी जुंपून धुरकऱ्यानं ती सोडायची. वऱ्हाडात, म्हणजे अमरावतीकडे, तळेगाव दशासरचा पट मोठा नावाजलेला. तिकडे जोडी घड्याळाशी धावते, सेकंदावर निकाल लागतो. आपल्याकडची जुनी रीत दोन जोड्या शेजारी शेजारी सोडायची. एक जिंकते, एक घरी जाते.

आणि इथंच निवेदकाचं काम सुरू होतं. लोकांना वाटतं की माइकवाल्यानं जोरात बोलायचं असतं. मोठबाबा उलट सांगायचे. दोन जोड्या सुरुवातीच्या रेषेवर उभ्या केल्या की बैलाला सगळं समजतं. तो पाय आपटतो, मान टाकतो, जू खेचतो. त्या वेळी भोंग्यातून आवाज आला तर एक जोडी आधी निघते आणि सगळा गोंधळ होतो. म्हणून जोड्या रेषेवर आल्या की ते माइकचं बटन बंद करायचे. हजारो माणसं, आणि एकदम शांत. फक्त घुंगरमाळा. झेंडी पडली की मग बटन चालू.

'बोलणारे लय भेटतेत. बटन कवा बंद करावं ते समजणारा पायजे,' हे त्यांचं वाक्य. मी पुढे नागपूरला पत्रकारितेचा डिप्लोमा केला, तिथं वर्षभरात इतकं कामाचं वाक्य मला कोणी सांगितलं नाही. (सरांनी माफ करावं.)

जोडी रेषेवर येण्याआधी मात्र ते बोलायचे, आणि त्यात एक ठरलेला क्रम होता. आधी गाव. मग तालुका. मग मालकाच्या बापाचं नाव, मग मालकाचं, मग धुरकऱ्याचं, आणि शेवटी दोन्ही बैलांची नावं, डावा आधी, उजवा नंतर. गाव सगळ्यात आधी का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, माणूस हरला तर त्याला एकट्याला लाज वाटते, गाव हरलं तर सगळे मिळून हसतात. आपल्याकडे एका नावाची दोन-तीन गावं असतातच. खुर्द आणि बुद्रुक, शिवाय दुसऱ्या तालुक्यात तिसरं. म्हणून तालुका सांगायचाच. चुकून दुसऱ्या गावाचं नाव गेलं तर मंडपाजवळ येऊन लोक भांडत. मारामारीपर्यंत गोष्ट गेलेली मी पाहिली आहे, एका 'बुद्रुक'वरून.

पण पट म्हणजे फक्त बैल नव्हेत. ज्यांच्या घरी पट पाहिला असेल त्यांना माहीत आहे. गावात पट म्हणजे घराघरात पाहुणे. लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, जावई येतात, जावयाचे मित्रही येतात. दिवसा पट आणि रात्री नाटक. झाडीपट्टीची रंगभूमी ही अशी पटाच्या आणि मंडईच्या गर्दीवर मोठी झाली. वडश्याहून नाटकाची मंडळी ट्रक घेऊन येणार, शेतात पडदा लागणार, आणि लोक घोंगडं पांघरून पहाटेपर्यंत बसणार. दिवसभराच्या गर्दीला रात्री थांबवायला नाटक पाहिजे आणि नाटकाच्या तिकिटाला दिवसाची गर्दी पाहिजे. एकाचं दुसऱ्यावाचून चालत नव्हतं.

मोठबाबांच्या माइकवर मग हे सगळं यायचं. अमुक गावची बंडी वाटेत उभी आहे, बाजूला घ्या. लाल स्वेटरचं पोरगं मंडपात रडत बसलं आहे, आईनं घेऊन जावं. अमुक गावच्या पाहुण्यांनी लवकर घरी जावं, सोयरे आले आहेत. हा शेवटचा निरोप आला की बायका एकमेकींकडे पाहून हसत. कारण पटात सोयरिकी जुळत. मुलगी पाहायला जातो म्हणून जाहीर करून जाण्यापेक्षा पट पाहायला जाणं सोपं. मुलाकडच्यांना मुलीचं घर, अंगण, गोठा, माणसांची बोलचाल, सगळं पाहायला मिळे आणि नाही म्हणायचं झालं तर कोणाचा अपमान होत नसे.

मोठबाबांच्या तिन्ही मुली अशाच दिल्या गेल्या. तिन्ही पटातल्या सोयरिकी. मोठीमाय चिडवायची की ह्या माणसानं बैल पाहून जावई निवडले. ते हसत आणि म्हणत, खोटं नाही. ज्याच्या गोठ्यातला बैल माणसाला पाहून बिचकत नाही, त्या घरात हात उचलला जात नसंल. ही पारख बरोबर की चूक मला माहीत नाही. पण माझ्या तिन्ही बहिणी सुखात आहेत, एवढं लिहितो.

ते मोठे संसारी माणूस होते. पटावरची माणसं म्हटली की दारू, पैज, रात्रीचा तमाशा असं चित्र लोकांच्या डोक्यात असतं, आणि ते अगदीच खोटं पण नाही. मोठबाबा मात्र कितीही लांबचा पट असो, शक्य असेल तर रात्री घरी परतायचे. सायकल होती, मग लूना आली. मानधन म्हणून नारळ, दुपट्टा आणि आयोजकांच्या मनाला येईल तेवढे पैसे. नारळ घरी येऊन फुटायचा तेव्हा आम्ही पोरं जागी असायचो. दुपट्टे इतके जमले की मोठीमायनं त्यांची गोधडी शिवली. ती गोधडी अजून आहे.

आता गोसीखुर्दची गोष्ट. तिच्याशिवाय ही पूर्ण होत नाही.

२२ एप्रिल १९८८. पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते धरणाचं भूमिपूजन झालं. इंदिरा सागर असं प्रकल्पाचं नाव. मी तेव्हा प्राथमिक शाळेत. मोठबाबांनी मला नेलं होतं, हेलिकॉप्टर दाखवायला. इतकी धूळ उडाली की डोळे मिटले आणि उघडले तेव्हा हेलिकॉप्टर खाली उतरलेलं. म्हणजे जे पाहायला गेलो तेच पाहिलं नाही. परत येताना गावातली माणसं चर्चा करत होती, जमीन जाईल का, पैसे किती मिळतील, कालवा कुठून जाईल. मोठबाबांना कोणी विचारलं, भाऊ, तुमाले काय वाटलं? ते म्हणाले, 'माइक चांगला होता.'

तेव्हा सगळे हसले. मी आता विचार करतो तर वाटतं, त्या दिवशी दुसरं काही बोलण्यासारखं त्यांच्याजवळ नव्हतंच. १९८३ मध्ये ३७२ कोटींचा अंदाज होता प्रकल्पाचा. पुढे तो १८ हजार कोटींच्या वर गेला. ११ किलोमीटरच्या वर लांबीचं मातीचं धरण, ३३ दरवाजे, अडीच लाख हेक्टर सिंचनाचं स्वप्न. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. कालव्यांचं काय झालं, कंत्राटांचं काय झालं, त्यावर मी आणि माझ्यासारख्यांनी इतक्या बातम्या लिहिल्या आहेत की परत लिहायचा कंटाळा येतो. आणि नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून वाहत ह्याच पाण्यात येतं, ती बातमी तर दर उन्हाळ्यात फक्त तारीख बदलून छापली जाते.

भूमिपूजनानंतर वीस वर्षं गाव तसंच राहिलं. उठायचं आहे हे माहीत, पण कधी ते माहीत नाही. ही वीस वर्षं ज्यांनी काढली त्यांनाच समजेल. घर पडलं तरी नवीन बांधायचं नाही, कारण बुडणार आहे. विहीर खणायची नाही. मुलगी देताना समोरचा विचारायचा, तुमचं गाव कुठं जाणार? मोठबाबांची धाकटी मुलगी दिली तेव्हा हा प्रश्न आला होता. त्यांनी सांगितलं, गाव कुठं जाईल ते सरकारले विचारा, मी कुठं जाईन ते विचारत असाल तर पटावर.

आणि गंमत म्हणा की काय म्हणा, ह्याच वीस वर्षांत आमच्याकडचे पट सगळ्यात जोरात झाले. मला त्याचं कारण असं वाटतं की घरावर, शेतावर खर्च करून उपयोग नव्हता. बैलावर केलेला खर्च बैलासोबत चालत जाणार होता. हे माझं मत आहे, कोणाला पटलं नाही तर सोडून द्यावं.

२००८ च्या शेवटी धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली. मग टप्प्याटप्प्यानं गावं उठली. नवीन गावठाणं आली, १८ नागरी सुविधांचे फलक लागले. २०१३ मध्ये ११९९ कोटी ६० लाखांचं विशेष पॅकेज जाहीर झालं, तेव्हा यादीत कुटुंब म्हणजे कोण, ह्यावरून सख्खे भाऊ बोलेनासे झाले. आमच्या घरात पण झालं. त्यावर जास्त लिहीत नाही.

आता पटाच्या बंदीकडे येतो, आणि इथं मला स्वतःबद्दल पण थोडं सांगायचं आहे.

गाव उठत असतानाच तिकडे दिल्लीत दुसरं चाक फिरत होतं. ११ जुलै २०११ ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं अधिसूचना काढली. ज्या प्राण्यांचे खेळ करता येणार नाहीत त्या यादीत वाघ, सिंह, अस्वल, माकड होतेच, त्यात बैल आला. मग ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. तामिळनाडूचं जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यती, दोन्ही बंद.

त्या दिवशी मी ऑफिसात होतो. एजन्सीची बातमी आली, मी जिल्ह्याची एक चौकट केली. जिल्ह्यातले पट बंद होणार, आयोजकांत नाराजी. दोन आयोजकांना फोन केला, एका प्राणिमित्राला केला. मोठबाबांना केला नाही. घरातला माणूस, त्याला काय विचारायचं, असं वाटलं असेल. किंवा सुचलंच नाही. आज हे लिहिताना ती चौकट आठवते आणि बरं वाटत नाही.

नंतर विचारलं तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी बातमीत छापायला हवं होतं. ते म्हणाले की कोर्ट खोटं बोलत नाही. बैलाची शेपटी पिरगळतात, चावतात. तुतारीच्या टोकाला खिळा लावतात, दारू पाजतात, बॅटरीचा झटका देतात. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांनी स्वतः काय केलं तेही मला माहीत आहे, कारण मी मंडपात त्यांच्या पायाशी बसायचो. कोणाच्या हातात खिळ्याची तुतारी दिसली की ते माइकवरून त्या माणसाचं नाव घेत नसत. गावाचं घेत. 'अमुक गावची जोडी खिळ्यावर चालते वाटते, बैलात दम नाई.' बस. त्या गावची माणसंच जाऊन त्याच्या हातातली तुतारी काढून घेत. आता ह्यानं सगळं थांबायचं का? नाही. पैज मोठी झाली की गावाचं नाव पण कोणाला थांबवत नाही. मोठबाबांचं म्हणणं एवढंच होतं की वाईट धुरकऱ्याला पकडायचं सोडून त्यांनी सगळा पटच उठवला, जसं एका दरवाजासाठी सगळं गाव उठवलं.

मला ही तुलना तेव्हाही पूर्ण पटली नव्हती, आजही नाही. बैल मुका आहे, आणि पंचवीस पट नीट झाले म्हणून सव्विसाव्यात चावलेल्या शेपटीची भरपाई होत नाही. ज्यांनी कोर्टात लढा दिला त्यांच्यामुळेच आज पटात डॉक्टर उभा असतो. पण मोठबाबांना दोन-तीन वर्षांच्या अंतरानं दोन्ही गोष्टी सोडाव्या लागल्या, आणि दोन्ही वेळा त्यांना कोणी विचारलं नाही, त्यात मी पण आलो.

मग तो जानेवारी. ७ जानेवारी २०१६ ला केंद्रानं नवी अधिसूचना काढली, अटी घालून शर्यतींना परवानगी. आमच्याकडे फटाके फुटले. मोठबाबांनी पेटीतून काळा कोट काढला, तो पटाचा कोट होता, मोठीमायनं उन्हात टाकला. एका गावच्या पोरांनी घाईघाईत पत्रिका छापून आणल्या, संक्रांतीनंतरचा मुहूर्त. १२ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. पाच दिवस. संक्रांत पण आली नव्हती. कोट परत घडी करून पेटीत गेला. मोठीमायनं त्यात कडुलिंबाचा पाला घातला तो मी पाहिला, म्हणजे आता लवकर निघणार नाही हे तिनं ठरवलं होतं.

पुढचा कायदेशीर भाग पटकन सांगतो. २०१७ च्या जानेवारीत चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर जल्लीकट्टूसाठी लाखो लोक बसले, तामिळनाडूनं कायदा केला. त्याच वर्षी महाराष्ट्रानं पण केला. मुंबई उच्च न्यायालयानं शर्यतींना मनाई केली, २०१८ मध्ये सगळा विषय घटनापीठाकडे गेला. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्या शर्यतींना अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, धावायची वाट हजार मीटरच्या आत, पशुवैद्यकाची तपासणी, काठी-चाबूक नाही. कागदावर सगळं आहे. जमिनीवर किती आहे ते ज्या त्या पटात जाऊन पाहावं.

मधल्या सात-आठ वर्षांत मोठबाबांनी काय केलं? माइक सोडला नाही. मंडईत बोलले, कबड्डीत बोलले. लॉकडाऊनमध्ये ग्रामपंचायतीच्या ऑटोवर भोंगा लावून नवीन गावठाणात फिरले, घरात राहा, हात धुवा, लस घ्या. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस. मी रागावलो की तुम्हीच घरात राहा. म्हणाले, माझा आवाज ओळखतात, दुसऱ्याचं ऐकत नाईत.

त्या दिवसांत कधीतरी मी त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला होता. अमेरिकेतल्या खेड्यांच्या जत्रांमध्ये घोड्यांची ओढाई असते. दोन दांडगे घोडे, आपल्या हेल्यापेक्षा मोठे, वजन लादलेली घसरगाडी ओढतात. साडेसत्तावीस फूट ओढली की पूर्ण, मग वजन वाढवायचं, जी जोडी शेवटपर्यंत टिकेल ती जिंकली. पळायचं नाही, फक्त जोर. आणि जोडी जुंपेपर्यंत तिथं पण एक माणूस माइकवर बोलत असतो. मोठबाबांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. तीन-चार वेळा तोच तुकडा लावायला सांगितला. मग म्हणाले, 'मालकाचं नाव सांगून राह्यला पाय. आन् त्याच्या पाठीमागून गाव.' मी परत ऐकलं. खरंच, मालकाचं नाव आणि मग गावाचं नाव. 'आपल्याकडं गाव आधी,' ते म्हणाले, आणि मोबाइल परत दिला.

डिसेंबर २०२१ च्या निकालाचा फोन मी त्यांनाच पहिला केला. २०१४ चं लक्षात होतं. वाटलं, खूश होतील. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, 'बैल कुठं हायेत?'

बरोबर होतं. बांध्या पाण्यात गेल्या, तणीस नाही, चारा नाही, गावठाणातल्या प्लॉटवर गोठ्याला जागा नाही. बैल विकले गेले होते. रोवणी-मळणी ट्रॅक्टरवर, तीही दुसऱ्याच्या शेतात मजुरीनं. पट परत आला तो ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांच्याजवळ आला. लाखांच्या जोड्या, बाहेरून आणलेल्या, टेम्पोतून येणाऱ्या. आपल्या झाडीची कठाणी गाय-बैलाची जात, जिला सरकारी संस्थेनं आता कुठं वेगळी जात म्हणून नोंद दिली, ती लहानखुरी, चिखलातली. पटात तिला आता कोण विचारतो?

पुढच्या हंगामात एका पटावर पोरांनी त्यांना आग्रहानं नेलं. निवेदक बाहेरून आणलेला, तरुण, चांगला बोलणारा, मागे डीजे. त्यानं मोठेपणानं माइक दिला, बाबा दोन शब्द बोला. मोठबाबांनी दोन शब्द बोलले नाहीत. समोर जी जोडी येत होती तिचीच ओळख करून द्यायला सुरुवात केली. गाव आधी. आणि त्यांनी गावाचं जे नाव घेतलं ते पाण्याखालच्या गावाचं होतं. मालक होता त्याच गावचा, पण आता दुसऱ्या तालुक्याजवळच्या गावठाणात राहतो. पोरगं मंडपाजवळ येऊन म्हणालं, बाबा, आता आम्ही तिकडं राहतो, नवीन नाव सांगा. मोठबाबांनी त्याच्या आजाचं नाव घेतलं, मग बापाचं, मग त्याचं. गाव मात्र तेच ठेवलं. नंतर जोडी रेषेवर आली. त्यांनी बटन बंद केलं. डीजेवाल्याला हात केला, त्याला समजलं नाही, तो वाजवत राहिला, आणि एक जोडी आधी निघाली.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आठवडाभर आधी मोठबाबा गेले. तान्ह्या पोळ्याला नातवंडांसाठी लाकडी बैल रंगवून ठेवले होते, ते तसेच निघाले मिरवणुकीत.

त्यांच्या पेटीत कोटाच्या खाली वह्या मिळाल्या. दोनशे पानी, शाळेच्या. मला वाटलं हिशोब असतील. प्रत्येक पटाची यादी आहे, जशी माइकवरून वाचायची तशी. गाव, तालुका, बाप, मालक, धुरकरी, डावा बैल, उजवा बैल. पुढे जिंकला की हरला एवढी खूण. गाडेघाट, घाटउमरी, पाथरी, पानामागून पान. सरकारच्या यादीत ह्या गावांची घरं आहेत, हेक्टर आहेत, झाडं सुद्धा मोजली आहेत. बैलांची नावं फक्त ह्या वह्यांत आहेत.

वह्या सहा आहेत. मधली बरीच वर्षं नाहीत, गाव उठताना गेली असतील किंवा पावसात भिजली असतील. काही पानांवरची शाई फुटली आहे. मी रोज रात्री दोन-तीन पानं टाइप करतो आहे. वाचता येत नाही तिथं जागा सोडतो.

ज्यांच्या घरी १९८० ते २०११ च्या मधल्या पटाच्या पत्रिका, बक्षिसाच्या ढालीवरचं नाव, पटातला एखादा फोटो, किंवा कॅसेटवर भरलेला आवाज असेल त्यांनी मला फोन करावा. पवनी, भंडारा, कुही, भिवापूर, कुठलाही तालुका चालेल. मूळ कागद मी ठेवणार नाही, फोटो काढून परत देईन. आणि फोन केला की आधी गावाचं नाव सांगा. जुनं.